कुसुमताई प्रधान आणि खारवाडीचं छत

चि. तन्वी आणि चि. ईशान,

तन्वी, मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आजी, आम्हाला सस्टेनेबल टुरिझम म्हणून एक विषय आहे. जुनी वास्तू, तिच्या गोष्टी, तिथे राहणारी माणसं आणि बघायला येणारी माणसं, या सगळ्यांचं नीट कसं जमवायचं ते. तुमच्याकडचं एखादं उदाहरण सांग ना. ताजमहाल सोडून." मी "आठवून सांगते" म्हणून फोन ठेवला. खरं तर आठवायला काही वेळ लागला नाही, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय माझ्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन आता झालं आहे आणि अक्षर पुन्हा ओळीत येऊ लागलं आहे. तेव्हा लिहायचं ते आत्ताच लिहावं, असं ठरवलं. तन्वी, तू हे ईशानला मोठ्याने वाचून दाखव. त्याचं मराठी वाचन अजून अडखळतं, असं तुमची आई म्हणते.

तुझ्या उदाहरणाचं नाव कुसुमताई प्रधान.

ऐंशीच्या दशकात आम्ही नौपाड्यात राहायचो, तेव्हा त्या आमच्या वरच्या मजल्यावर होत्या. एकट्या राहायच्या. उंच, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. मुंबईला फोर्टमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात त्या नकाशे काढायच्या. कुणी "म्हणजे तुम्ही आर्किटेक्ट का?" असं विचारलं की म्हणायच्या, "नाही. ते स्वप्न बघतात, मी रेघा मारते. घर रेघांवर उभं राहतं." मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. मी पुस्तकं ओळीत लावणारी, त्या रेघा सरळ काढणाऱ्या, म्हणून आमचं जमलं असावं. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या. मला "मालू" म्हणायच्या, कधी रागावल्या तर "मालतीबाई".

त्यांची एक सवय सगळ्या बिल्डिंगला माहीत होती. कुणाच्याही घरी गेल्या की आधी वर बघायच्या आणि मग माणसांकडे. त्यांच्या भाचीला बघायला कल्याणची मंडळी आली होती. पुढे रीतीप्रमाणे मुलीकडचे लोकही मुलाच्या घरी गेले. जुनं लाकडी माडीचं घर. मुलाची आई पोहे घेऊन आली, तर कुसुमताई मान मागे टाकून आढ्याकडे बघत होत्या.

"काय हो, काही पडलं का अंगावर?" मुलाच्या आईने घाबरून विचारलं.

"अजून नाही," कुसुमताई म्हणाल्या. "पण त्या तिसऱ्या तुळईला वाळवी आहे. लग्न जमो न जमो, ती बदलून घ्या."

भाचीला वाटलं, झालं, मोडलं. पण लग्न जमलं. तुळईही बदलली. पुढे कितीतरी वर्षं त्या सासूबाई कुसुमताईंना "वर बघणाऱ्या ताई" म्हणत.

दुसरी गोष्ट म्हणजे मासे. कुसुमताई सीकेपी, त्यामुळे माशांच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. नौपाड्याच्या बाजारातला मासा त्यांना "कालचा" वाटे. म्हणून त्या दर रविवारी सकाळी कोपरीच्या पलीकडे खाडीकाठी खारवाडी नावाचा लहानसा कोळीवाडा होता तिथपर्यंत जायच्या. तिथे चंद्राबाई नावाची कोळीण त्यांची ठरलेली. चंद्राबाई त्यांच्याच वयाची, तिप्पट जाडीची आणि चौपट आवाजाची. तिच्या नवऱ्याची होडी यायला उशीर झाला की कुसुमताई गावदेवीच्या देवळात सावलीला बसायच्या. देऊळ लहान. चार लाकडी खांब, कुडाच्या भिंती, वर कौलं. एका रविवारी होडी फारच उशिरा आली. कुसुमताई देवळात शेणाने सारवलेल्या जमिनीवर जरा आडव्या झाल्या आणि सवयीप्रमाणे वर बघितलं.

त्यांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे आडवी झाले होते असं वाटतं. कौलांच्या खाली नेहमीचे वासे नव्हते. मधोमध कण्यासारखं एक लांब लाकूड, आणि त्याच्या दोन्ही अंगांना बरगड्यांसारखी वळवलेली लाकडं, एकाशेजारी एक. सांधे लाकडी खुंट्यांनी केलेले. लोखंडाचा खिळा जवळजवळ नाही. उपडी घातलेली होडीच.

त्या ताडकन उठून बाहेर आल्या. "चंद्राबाई, हे छत घरं बांधणाऱ्या सुताराने नाही बांधलं. होडी बांधणाऱ्याने बांधलंय!"

चंद्राबाई कोळंबी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? आमचे गावान दुसरा सुतार कोन होता?"

असं ते सुरू झालं. पुढच्या रविवारी त्यांनी मला नेलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या ऑफिसातली दोघं-तिघं आली. मग त्यांचे मित्र, मग कुणाचे पाहुणे. एक-दोन वर्षांत कुसुमताईंची रविवारची फेरी लोकांना माहीत झाली. कधी कल्याणचं जुनं तळं, कधी ठाण्यातली जुनी घरं, पण महिन्यातून एकदा खारवाडी ठरलेली. हेरिटेज वॉक हा शब्द तेव्हा आम्ही ऐकला नव्हता. आम्ही नुसतं "फेरी" म्हणायचो.

फेरीला त्यांचे नियम होते आणि ते त्या कुणालाही मोडू देत नसत. देवळाच्या अंगणात एका पंगतीला बसतील तेवढीच माणसं, जास्त नाहीत. बाकीच्यांनी पुढच्या महिन्यात यावं. आधी कोळणींकडून मासे घ्यायचे, मग देऊळ. "शाकाहारी असाल तर शेजाऱ्यासाठी घ्या," असं त्या सांगत. गावातल्या कुणाच्याही दारात विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आणि वड्याचा कागदसुद्धा आपला आपण परत न्यायचा. एका गृहस्थांनी तो देवळामागे टाकला, तर कुसुमताईंनी तो उचलून, घडी घालून, त्या गृहस्थांच्याच खिशात घातला आणि पुढचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून सुरू केलं.

त्यांची सांगण्याची पद्धतही त्यांचीच होती. उजवा हात वर केला की "हे दिसतं." डावा हात वर केला की "हे म्हणतात." खारवाडीत उजवा हात वर जायचा: कणा, बरगड्या, खुंट्या. मग डावा: देवी वादळात होडीतून एकटीच आली, कोळ्यांनी तिला "उतर गो माय" म्हणून विनवलं, पण ती होडीतून उतरलीच नाही, असं गावातल्या बायका नारळी पौर्णिमेला गाण्यात सांगतात. हात कधी बदलले नाहीत की मिसळले नाहीत. नेहमीचे लोक मग त्यांची गंमत करायचे. त्या बोलता बोलता पदर सावरायला हात उचलत, तर मागून कुणीतरी ओरडे, "ताई, हे दिसतं की म्हणतात?"

"हे घसरतं," त्या म्हणायच्या आणि पुढे चालू लागायच्या.

"पण मग खरं काय?" असं विचारणारा एक तरी असायचाच. त्याला उत्तर ठरलेलं: "दोन हात आहेत ना तुम्हाला? दोन्हींत धरून घरी न्या."

कल्याणला एकदा गंमत झाली. तिथल्या जुन्या तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही उभे होतो. काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ आले आणि म्हणाले, "बाई, मुख्य गोष्ट सांगितलीच नाहीत तुम्ही. इथून भुयार आहे. थेट खाडीपलीकडे निघतं."

आपल्याकडे प्रत्येक जुन्या जागी भुयार असतं, तन्वी, आणि ते नेहमी थेट कुठेतरी निघतं. मला वाटलं, आता कुसुमताई त्यांना गप्प करणार. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही गेलात त्यातून?"

"मी नाही. आजोबा गेले होते."

"परत आले?"

"आले ना! नाहीतर मी कुठला?"

"मग या बसा," कुसुमताई पायरी झटकत म्हणाल्या, "आणि आजोबांचं सांगा. काय करायचे? तळ्यावर कधी यायचे?"

गृहस्थ बसले. आजोबा पहिलवान होते, पहाटे या तळ्यात पोहायचे, सोबत त्यांची गाय असायची, तीही पोहायची. माणसं मांडी घालून ऐकत राहिली. भुयाराचं कुणी पुन्हा नावही काढलं नाही. परत येताना मी म्हटलं, "तुम्ही त्यांना खोडून काढाल असं वाटलं होतं."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "भुयार सगळीकडे असतं गं. पोहणारी गाय कुठे मिळते?"

असं असलं तरी खोटी गोष्ट त्या चालवून घेत नसत. फेरीचं नाव ऐकून मुंबईहून एक सफारीसूटवाले गृहस्थ आले. परदेशी पाहुण्यांच्या बसगाड्या आणायच्या, असा त्यांचा धंदा. दर शनिवारी खारवाडीला बस, नटलेल्या कोळणींचा नाच, आणि देवळाखाली चाच्यांचा खजिना पुरला आहे अशी गोष्ट. "गोष्टीशिवाय फॉरेनर येत नाही, मॅडम," ते म्हणाले. कुसुमताईंनी वाद घातला नाही. त्यांना सरळ चंद्राबाईपुढे नेऊन उभं केलं. "देऊळ हिचं आहे. हिला विचारा."

चंद्राबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शनवारी?"

"हो, दर शनिवारी."

"शनवारी आमी जाली शिवताव. तुमचे फारेनरला शिवता येतान का जाली? येत आसतील तर धाडा."

गृहस्थ गेले ते पुन्हा आले नाहीत. कुसुमताई घरी येऊन खूप हसल्या. त्या वेळी त्यांना वाटलं होतं की खारवाडीला धोका असलाच तर असल्या सफारीसूटचा. पण धोका आला दुसरीकडूनच.

गावात सुधाकर नावाचा तरुण होता. शिकलेला, एका कारखान्यात फिटर, देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. फेरीचे लोक आले की हाच सतरंज्या घालायचा, पाणी द्यायचा. कुसुमताईंचा फार लाडका. एका रविवारी माणसं निघून गेल्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्हाला आनंदाची बातमी द्यायची आहे. देऊळ पाडतोय. नवीन बांधणार. स्लॅब, खाली टाइल्स, ट्यूबलाइट. सगळ्या गावाने वर्गणी काढली."

कुसुमताई म्हणाल्या, "का रे?"

"का म्हणजे? तुमच्यामुळे! ठाण्याहून, मुंबईहून एवढी चांगली चांगली माणसं येतात आणि आमचं देऊळ हे असं. कुडाच्या भिंती, शेणाची जमीन. साडीवाल्या बाया शेणावर बसतात, आम्हाला लाज वाटते."

"अरे, ते छत बघायलाच येतात ती माणसं!"

"तुम्ही दाखवता म्हणून बघतात," सुधाकर म्हणाला. तो उद्धटपणे बोलत नव्हता, हे मला अजून आठवतं. "पावसाळ्यात गळतं तेव्हा कोण बघायला येतं, ताई? तेव्हा आम्ही बादल्या ठेवतो."

त्या दिवशी कोपरीपर्यंत आम्ही चालत आलो. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात थांबून कुसुमताई म्हणाल्या, "माझ्यामुळे जातंय गं ते छत. शंभर माणसांना दाखवलं नसतं तर गळत का होईना, राहिलं असतं."

खारवाडीत मोठं काही करायचं तर देवीला कौल लावायची रीत होती. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या गंधाने एकेक कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारून वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. हे काम धर्मा भगताचं. कौलाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. कुसुमताईंना फक्त विचारायचं होतं की आम्हाला तिथे बसता येईल का.

धर्मा भगत हुशार म्हातारा. त्याने विडी विझवली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताय, तुमाला ता छप्पर ठेवाचा हाय ना?"

"हो."

"गंध जाड लावला का कली धरून ऱ्हाते. पातल लावला का परते. डावीला पातल लावतू. कोनाला कलनार नाय. देवीपन काय बोलनार नाय."

मी कुसुमताईंकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटत होतं, म्हणाव्यात हो. कुणाचं काय बिघडणार होतं? त्यांनी साडीच्या निऱ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "धर्माबाबा, मी लोकांना दोन हात दाखवते. एक दिसतं त्याचा, एक म्हणतात त्याचा. आता हा तिसरा कुठून आणू?"

"म्हंजे नको?"

"नको. दोन्हींकडे सारखं गंध लावा."

"बगा हां," धर्मा भगत म्हणाला, आणि विडी पुन्हा पेटवली. "मंग मना बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव देवळात आणि अंगणात बसलं होतं. प्रश्न विचारला, "माय, तुजा नवा देऊल बांधू का?" उजवी कळी पडली.

लोकांनी देवीच्या नावाचा गजर केला. सुधाकर धावत येऊन कुसुमताईंच्या पाया पडला. त्याला खरंच वाटत होतं की हा त्यांचाही आनंद आहे. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एक काम कर माझं. पाडायच्या आधी मला ते छत कागदावर उतरवून घेऊ दे."

सुधाकरने स्वतः बांबूची परांची बांधून दिली. कुसुमताईंनी रजा घेतली. पन्नाशी उलटलेली बाई पदर खोचून, टेप आणि ट्रेसिंगचे कागद घेऊन परांचीवर चढली. मी खाली टेपचं दुसरं टोक धरायची. नकाशा काढायचा तर प्रत्येक लाकडाचं नाव हवं, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्या वरून ओरडायच्या, "हे जे वाकवलंय, याला काय म्हणता हो तुम्ही?" खाली बसलेले म्हातारे उत्तर द्यायचे. दोघांची दोन उत्तरं यायची. मग भांडण. लाकूड विस्तवावर शेकून वाकवलं की मुळात वाकडंच झाड शोधून आणलं, यावर दोन सख्खे भाऊ एक अख्खी दुपार एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी "बगू दे तरी" म्हणत एकेकजण वर चढायला लागला. ज्यांनी जन्मभर त्या छताखाली डोकं टेकलं होतं, ते पहिल्यांदाच छताला नाक लावून बघत होते. चिकटलेली काजळी पुसून खुंट्या चाचपत होते.

एक दिवस चंद्राबाई म्हणाली, "मी पन चरतंय." परांची करकरली. सगळे हसले. वर गेल्यावर मात्र कण्याच्या लाकडावरून, मग बरगड्यांवरून हात फिरवत ती बसल्या बसल्या पुढे सरकत गेली. मग तिचा आवाज आला.

"ही तं होरी हाय गो!"

"आता तरी!" कुसुमताई म्हणाल्या. "अगं, इतकी वर्षं मी तेच सांगतेय ना, होडी आहे म्हणून?"

"तू सांगतेस ता तुजे लोकांना सांगतेस," चंद्राबाई म्हणाली. "तुजा तोंड त्यांचेकर, पाठ आमचेकर. आमाला कवा सांगलास?"

कुसुमताईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मी खालून बघत होते. मी इतक्या फेऱ्यांना गेले होते. सतरंजीवर पाहुणे, समोर कुसुमताई, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून गावातल्या बायका, हे चित्र मी किती वेळा पाहिलं असेल. चंद्राबाई म्हणत होती ते अगदी खरं होतं.

"चुकलं," कुसुमताई म्हणाल्या. "आता सांगते. सगळ्यांना हाक मार."

त्या दुपारी त्यांनी परांचीवर बसूनच फेरी घेतली, फक्त गावासाठी. उजवा हात, डावा हात, सगळं तेच. ऐकणारे मात्र असे की मध्येच थांबवून "नाय नाय, आसा नाय" म्हणत आणि पुढचं स्वतःच सांगत. बायकांनी देवीचं गाणं म्हणून दाखवलं. ती उतरलीच नाही, ही ओळ आली तेव्हा चंद्राबाईने छताकडे बघितलं. आणि एकेक करून बाकीच्यांनीही.

कौल पडला होता, तो कुणी परत फिरवू शकत नव्हतं. तशी कुणाची इच्छाही नव्हती. गळतं देऊळ कुणाला हवं असतं? पण पाडकामाचं ठरवायला कमिटी बसली, तेव्हा चंद्राबाई पुरुषांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"देवीनी नवा देऊल बांधाला सांगला. बांधा. पन होरी फोराला कोनी सांगला? माय आजून उतरली नाय."

सुधाकर म्हणाला, "मावशी, छत नाही पाडलं तर स्लॅब कशी घालणार?"

"ता तुजा तू बग. तू फिटर ना?"

लोकांनी धर्मा भगताकडे बघितलं. त्याने घसा साफ केला. "कौल नवे देवलाचा लावला व्हता," तो म्हणाला. "होरीचा कोनी लावलाच नाय." आणि माझी खात्री आहे की त्याने कुसुमताईंकडे बघून एक डोळा बारीक केला.

स्लॅब रद्द झाली. सुधाकरने दोन रात्री डोकं खाजवून युक्ती काढली. आधी कौलं उतरवली. मग एका भरतीच्या सकाळी, होड्या काठावर ओढायला जसं सगळं गाव येतं तसं गाव आलं. खांबांच्या वर, छताच्या खाली आडवी लाकडं घातली, दोर बांधले. कुसुमताईही हात लावायला पुढे झाल्या, तर चंद्राबाईने त्यांच्या हातात चहाची किटली दिली आणि म्हणाली, "तू काटकुली, बाजूला हो." एकाने हाळी दिली, बाकीच्यांनी साथ दिली, आणि ते छत, अख्खं, एका सांध्यालाही न सोडवता, वर उचललं गेलं. माणसांच्या खांद्यांवरून ते अंगणात नेलं. मी अनेक मोठ्या इमारती पाहिल्या आहेत, तुमच्याकडच्याही पाहिल्या. पण एक छत चालत जाताना एकदाच पाहिलं.

नव्या भिंती उभ्या राहिल्यावर ते तसंच परत त्याच खांबांवर चढवलं. या वेळी कौलं नीट बसवली. गळती थांबली.

उद्घाटनाला कुसुमताईंना मानाची साडी नेसवली. त्या आत गेल्या, वर बघितलं, डोळे मिटले. मग खाली बघितलं. भिंतींना कमरेपर्यंत गुलाबी टाइल्स होत्या, फुलाफुलांच्या. न्हाणीघरात लावतात तशा.

"टाइल्स कुणी निवडल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी!" चंद्राबाई म्हणाली. "कशा हायत?"

कुसुमताईंनी एका टाइलवरून बोट फिरवलं. "धुवायला सोप्या," त्या म्हणाल्या.

त्यानंतर खारवाडीच्या फेरीत त्या बोलत नसत. चंद्राबाई बोलायची. कुसुमताई मागे, भिंतीला टेकून, गावातल्या बायकांमध्ये बसायच्या. चंद्राबाईचे हात हवे तसे चालायचे. दिसतं ते आणि म्हणतात ते तिच्यासाठी एकच होतं. तिने एकदा देवीच्या होडीला इंजिनही लावलं. प्रत्येक चुकीला कुसुमताई माझ्या दंडाला चिमटा काढायच्या, पण तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. माझा दंड काळानिळा व्हायचा. "सांगा ना तिला," मी एकदा वैतागून म्हटलं. "फेरी संपल्यावर सांगेन," त्या म्हणाल्या. "आत्ता तिचं घर आहे." आणि खरंच, सगळे गेल्यावर दोघी देवळाच्या पायरीवर बसून तासभर भांडायच्या. पुढच्या महिन्यात इंजिन गेलेलं असायचं, आणि नवीन काहीतरी आलेलं.

एक गोष्ट मात्र कुणाला सुचवावी लागली नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्यांच्या लाकडाला माशाचं तेल देतात, ते गाव त्या छतालाही द्यायला लागलं. होडी म्हटल्यावर तेल आलंच. देवळाला आठवडाभर वास येई. पहिल्या वर्षी फेरीतल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. "देवळाला उदबत्तीचा वास हवा," त्या म्हणाल्या. "हे देऊळ कोळ्यांचं आहे," कुसुमताई म्हणाल्या. "देवीने तक्रार केलेली नाही."

नव्वदच्या दशकात त्या निवृत्त झाल्या. गुडघे गेले. डोंबिवलीला पुतण्याकडे राहायला जायचं ठरलं. जायच्या आधी त्यांनी मला खारवाडीला चल म्हटलं. नेमका तेल द्यायचा दिवस होता. त्यांना खुर्ची दिली होती, पण त्या थोड्या वेळाने उठल्या, परांचीच्या सगळ्यात खालच्या बांबूवर बसल्या, आणि हात पोचेल तेवढ्या खांबाला चिंधीने तेल चोळत राहिल्या. कोपरापर्यंत तेल. साडीवर तेल. चंद्राबाई म्हणत होती, "आगो, पुरे कर, डोंबिवलीवाले घरान घेनार नाय." त्या ऐकत नव्हत्या.

परतताना शेअर रिक्षा मिळाली. कुसुमताई मध्ये, मी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेला एक ऑफिसातला माणूस. तो हळूहळू अंग चोरत बाहेर सरकू लागला, इतका की पडायच्या बेतात आला. कुसुमताईंनी त्याच्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हटलं, "घाबरू नका. देवळातून येतेय."

माझ्या डोळ्यांपुढे त्या अशाच आहेत. त्यानंतर डोंबिवलीला मी त्यांना भेटले, आजारपणातही भेटले. पण ते लिहिण्यासारखं नाही.

आता काय उरलं आहे, ते लिहून थांबते. खारवाडीला तिन्ही बाजूंनी उंच इमारती आहेत. खाडी गाळाने भरत आली आहे आणि होड्या थोड्याच राहिल्या आहेत. चंद्राबाई नाही. महिन्यातला एक रविवार तिची सून सांभाळते, आणि माणसं अजूनही एका पंगतीपुरतीच घेते. कुसुमताईंचे नकाशे मी गावाला दिले. त्यातला एक काचेत घालून ट्यूबलाइटखाली लावला आहे. टाइल्स गुलाबीच आहेत, दोन-चार तडकल्या आहेत. छत जागेवर आहे आणि गळत नाही. या वर्षीचं तेल देऊन झालं.

तुमची,
आजी